तीनशे वजा चार टक्के

‘वजन घे, बारदान काढ, घट काढ, भावाने गुण.’

मार्च उजाडला की आमच्या वाळपईच्या दुकानात आबा हे चार तुकडे दिवसातून पन्नासदा तरी म्हणतात. आबा म्हणजे माझे सासरे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या गावागावांतून माणसं काजूबिया घेऊन येतात. कुणी पिकअपमध्ये सहा-सात गोणी घालून येतो, कुणी स्कूटरच्या पायाशी एकच पिशवी ठेवून. माल काट्यावर चढतो, आकडा पडतो आणि आबा सुरू होतात. बारदान म्हणजे गोणीचं स्वतःचं वजन, ते आम्ही गोणीमागे एक किलो धरतो. घट म्हणजे ओलाव्याची वजावट. झाडाखालून ताज्या वेचलेल्या बीमध्ये पाणी असतं, ती वाळली की वजन उतरतं. जे उतरणार ते आधीच काढून ठेवायचं. किती काढायचं ते आबा कानाने ठरवतात. मूठभर बिया घेऊन खुळखुळवायच्या. आतला गर सुकून सुटा झाला असेल तर बी वाजते. वाजली तर घट नाही, मुकी राहिली तर दोन टक्के, चार टक्के, पावसात भिजलेली असेल तर त्याहून जास्त. हा टक्का खुळखुळ्याचा आहे, त्याला फॉर्म्युला नाही. बाकी सगळ्याला आहे, आणि तो मी लिहिला होता. चुकीचा.

मी मूळची बांद्याची. पत्रादेवीचा नाका ओलांडला की पलीकडे लगेच बांदा, म्हणजे माहेर महाराष्ट्रात नि सासर गोव्यात असलं तरी तसं फार लांब नाही. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बी. कॉम. त्यामुळे घरात ‘हिशेबाचं तिला विचारा’ असा माझा लौकिक. तीन वर्षांपूर्वी आबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं हंगामाच्या तोंडावर करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. काजूच्या दुकानात धूळ टाळायची म्हणजे समुद्रात पाणी टाळण्यासारखं. शेवटी तडजोड अशी झाली की आबा काळा चष्मा लावून आतल्या खुर्चीवर बसणार, बिया खुळखुळवून घट सांगणार आणि वही मी सांभाळणार. मी म्हटलं वही कशाला, लॅपटॉप आहे ना.

आदल्या रात्री एक्सेलमध्ये शीट करायला बसले. नाव, एकूण वजन, गोणी, घट, भाव, रक्कम असे रकाने. चाचणीला जुन्या वहीतली एक नोंद घेतली: ३१२.५ किलो, ६ गोणी, भाव १२०. घट नंतर बघू म्हटलं. आबांचं वाक्य कानात होतंच, ते जसंच्या तसं टाईप केलं: वजन वजा गोणी गुणिले भाव.

=३१२.५-६*१२०

उत्तर आलं -४०७.५.

माझा मुलगा, तेव्हा अकरावीत, मागे उभा राहून पोहे खात होता. म्हणाला, ‘म्हणजे शेतकऱ्याने काजू द्यायचे आणि वर चारशे साडेसात रुपयेसुद्धा त्यानेच द्यायचे. चांगला धंदा आहे.’

चूक काय ती मला लगेच कळली. गुणाकार आधी होतो, म्हणून ६ गुणिले १२० झाले ७२० आणि ते ३१२.५ मधून गेले. हसू आलं, कंस घातला. पण आतून आबांनी विचारलं, काय झालं, आणि मी सांगितल्यावर त्यांना ते पटेना. त्यांनी मोठ्या बटणांचा आपला जुना कॅल्क्युलेटर मागितला. डोळ्यावर पट्टी होती, बोटांनी चाचपत बटणं दाबली: तीन एक दोन पॉइंट पाच, वजा सहा, गुणिले एकशेवीस, बरोबर. आणि मला दाखवला: ३६,७८०. ‘बघ. मी म्हटलं तसंच दाबलं. कंस कुठे आहे ह्यात?’

कुठेच नव्हता. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर रांगेत पुढे काय येणार आहे ते बघतच नाही. वजा सहा म्हटल्यावर तो थांबतो, आणि गुणिलेचं बटण दाबलं की आधीचं उरकून टाकतो: ३०६.५. मग त्याला १२० ने गुणतो. मुलाने आपला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला, तीच बटणं त्याच क्रमाने दाबली, आला उणे चारशे साडेसात. एवढ्यावर न थांबता त्याने लॅपटॉपमधला विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडला. त्यात स्टँडर्ड मोडमध्ये ३६,७८० आणि सायंटिफिक मोडमध्ये -४०७.५. प्रोग्रॅम एक, बटणं तीच, फक्त मेनूतून नाव बदललं. आबा म्हणाले, ‘दोन जिभांचा आहे.’

आबांना खरं तर कॅल्क्युलेटरचीही गरज नाही. ते शिकले गोवा मुक्त होण्याआधी, एका घराच्या पडवीत चालणाऱ्या खाजगी मराठी शाळेत. १९६१ साली चौदा वर्षांचे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे मला लग्नानंतर कळलं. त्या रात्री त्यांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी छताकडे तोंड करून हिशेब म्हणून दाखवला: ‘सहा काढले, तीनशे साडेसहा. तीनशेचे छत्तीस हजार. साडेसहाचे सातशे ऐंशी. छत्तीस हजार सातशे ऐंशी.’ बोलण्यात कंस लागत नाही. ‘काढले’ म्हटल्यावर ते काढून झालेलं असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि ते आलं की तेवढं काम हातावेगळं होतं. ‘तीनशे साडेबारातून सहा काढ, त्याला एकशेवीसने गुण.’ त्या ‘त्याला’मध्येच कंस आहे. कागदावर चिन्हं मांडली की हा ‘त्याला’ गळून पडतो, आणि त्याच्या जागी कुणाला तरी नियम करावा लागतो.

हे मी आज शहाणपणाने लिहितेय. त्या रात्री मी फक्त एवढंच म्हटलं की आबा, एक्सेलला कंस लागतो, आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून खरेदी सुरू. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता, एकही बी वाजत नव्हती. आबा म्हणाले, सरसकट चार टक्के धर. मी घटीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ४% टाकलं आणि निव्वळ वजनाचा फॉर्म्युला केला: एकूण वजन वजा गोणी वजा घट. कंसाचा धडा ताजा होता, म्हणून भावाने गुणण्याआधी सगळ्याला कंस घातला. निव्वळ वजनाच्या रकान्यात दशांश नकोत म्हणून ते लपवले, आकडे सुबक दिसायला लागले. नऊ दिवसांत ६१ नोंदी झाल्या, बारदान जाऊन ४,८६० किलो माल. माणसं खूश होऊन जात होती. मला वाटलं, कॉम्प्युटरची छापील पावती मिळते म्हणून.

माल मागच्या खळ्यात तीन दिवस उन्हात वाळवला, पुन्हा गोणीत भरला, कारखान्याला पाठवण्याआधी तोलला. कागदापेक्षा एकशे नव्वद किलोच्या आसपास कमी.

आधी काट्यावर संशय घेतला, वजनं ठेवून तपासला. मग उंदरांवर. एकशे नव्वद किलो काजू खाणारे उंदीर असते तर दिसले असते. मग, हे लिहायला लाज वाटते, एका माणसावर घेतला. बोलले काहीच नाही. त्याला आजही ठाऊक नाही आणि तो आजही आमच्याकडे गोणी उचलतो. मी त्याला त्या दिवशी चहा दिला तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, एवढं मात्र आठवतं.

संध्याकाळी आबा म्हणाले, ‘कागद वाच.’

मी पहिल्या दिवसाची एक ओळ वाचली. एकूण दोनशे, गोणी चार, घट चार टक्के, निव्वळ एकशे शहाण्णव.

‘किती?’

‘एकशे शहाण्णव.’

‘चार गोणी काढल्यास. एकशे शहाण्णव झाले. मग घट?’

मी स्क्रीनकडे बघत राहिले. आबांनी स्क्रीन बघितलीच नव्हती. त्यांनी फक्त ऐकलं, आणि ऐकताना त्यांच्या डोक्यात हिशेब आपोआप चालतो. नऊ दिवस माझ्या डोळ्यांसमोर ती ओळ होती आणि मला ती सुबक दिसत होती. दशांश उघडे केले. १९५.९६.

एक्सेलने चार टक्के काढले होते. पण कशाचे? कशाचेच नाहीत. टक्क्याचं चिन्ह एक्सेलमध्ये म्हणजे फक्त ‘शंभराने भाग’, आणि हे काम ते गुणाकार-भागाकाराच्याही आधी, अगदी घातांकाच्याही आधी उरकतं. मागचा आकडा कुठला, वजा आहे की अधिक, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ४% म्हणजे ०.०४. मी एकशे शहाण्णव किलोमधून चार टक्के वजा केले असं समजत होते, एक्सेलने एकशे शहाण्णव किलोमधून चाळीस ग्रॅम वजा केले होते.

मोबाईलवर १९६ - ४% दाबून बघा: १८८.१६ येतं. कारण मोबाईलचा कॅल्क्युलेटर वजा किंवा अधिकच्या पुढे टक्का दिसला की समजतो, माणसाला मागच्या आकड्याचे टक्के हवेत. दुकानदाराला हवं असतं ते तो देतो. शंभर अधिक अठरा टक्के म्हणजे ११८, असं जीएसटी आल्यापासून प्रत्येक दुकानदाराच्या बोटांना ठाऊक आहे. एक्सेलमध्ये तेच लिहिलं तर १००.१८. दोन्ही आपापल्या परीने बरोबर, आणि नेमकं तेच वाईट. एक चूक असतं तर लाल रंग आला असता, त्रिकोण आला असता, काहीतरी ओरडलं असतं. उणे चारशे साडेसात हे उत्तर बिचारं प्रामाणिक होतं, आपण खोटं आहोत हे ते तोंडावर सांगत होतं.

हिशेब केला. ४,८६० किलोचे चार टक्के १९४.४ किलो. एक्सेलने ६१ ओळींत मिळून काढली होती २.४४ किलो. फरक १९१.९६ किलो, १२० च्या भावाने २३,०३५ रुपये २० पैसे. हे वीस पैसे मी मुद्दाम लिहितेय. कारण त्या रात्री मला तेवीस हजार बोचले नाहीत तेवढे हे वीस पैसे बोचले, इतकं सगळं अचूक चुकलं होतं.

परत मागायचे का, यावर आबांनी फार विचार केला नाही. ‘पावती आपण दिली. पुढच्या गोणीपासून नीट धर.’ नवरा थोडा गुरगुरला. आबा खुर्चीतून उठले आणि विषय संपला.

चारेक दिवसांनी सत्तरीतल्याच ठाणे गावाकडचा एक म्हातारा आला, दर वर्षी येतो. नवीन पावती हातात घेतली, खाली-वर बघितली आणि माझ्याकडे बघून हसला. ‘अवंदू तुमी घट काडूंक ना न्हय गो?’ म्हणजे यंदा तुम्ही घट काढलीच नाही ना गं. त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं असणार. ती छापील पावतीची खुशी नव्हती.

दुरुस्ती साधी होती: वजा घट लिहिण्याऐवजी गुणिले कंसात एक वजा घट. पण दुरुस्त केलं तरी मला चैन पडेना, म्हणून मी उलटी तपासणी करायला घेतली. वाळलेल्या मालावरून ओल्याचं वजन काढायचं. समजा वाळून २८८ किलो उरले आणि घट चार टक्के होती, तर मूळ किती? मी मोबाईलवर २८८ + ४% केलं. २९९.५२. पण मूळ तर ३०० होते! परत तेच केलं, परत २९९.५२. आबांना विचारलं.

‘चार टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. पंचविसावा काढलास तर परत घालताना चोविसावा घालायचा. उरलेल्याचे चोवीसच आहेत ना आता.’

२८८ चा चोविसावा हिस्सा १२. झाले ३००. मी गप्प.

हे मी कुठेतरी वाचलं होतं असं वाटत राहिलं, आणि मग आठवलं: भास्कराचार्यांची लीलावती, इ. स. ११५०. तिच्यात उलट चालायच्या रीतीचं एक उदाहरण आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, जे आलं त्याचा पाऊण हिस्सा त्यातच मिळवला, ७ ने भागलं, आलेल्याचा तिसरा हिस्सा काढून टाकला, उरलं त्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० ने भागलं, उरले २. तर मूळ संख्या कोणती? शेवटून मागे यायचं: दोनाला दहाने गुण, आठ काढ, वर्ग कर, बावन्न मिळव, वर्गमूळ घे, आले १४. आता तिसरा हिस्सा काढला होता, म्हणून परत घालताना निम्मा घाल: २१. तिसऱ्याच्या जागी दुसरा, पंचविसाव्याच्या जागी चोविसावा. अगदी आबांचंच! पुढे सातने गुण, १४७, पाऊण हिस्सा मिळवला होता म्हणून सात भागांतले तीन काढ, ८४, तीनने भाग, २८.

या उदाहरणात एकही कंस नाही. ते श्लोकात आहे, आणि श्लोक बोलायचा असतो. मी गंमत म्हणून ते सगळं एकाच सेलमध्ये बसवलं. कंसांच्या पाच जोड्या लागल्या, आणि पहिल्या खेपेला एक जोडी विसरल्यामुळे उत्तर भलतंच आलं.

बांद्याच्या शाळेत आम्हाला हा क्रम ‘कंचेभागुबेव’ असा शिकवला होता. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ‘पदावली सोडवा’ असा प्रश्न आला की आधी पाटीच्या कोपऱ्यात कंचेभागुबेव लिहायचं, मंत्रासारखं. माझा मुलगा पाचवीपासून इंग्रजीत गेला, त्याचं बोडमास. दोन्ही एकच, अक्षरांची गल्ली वेगळी. त्यातलं ‘चे’ मला आजही सगळ्यात आवडतं. ‘बाराचे पाव’, ‘साडेसहाचे सातशे ऐंशी’, ते ‘चे’ म्हणजे थेट बाजारातून उचलून पाठ्यपुस्तकात ठेवल्यासारखं.

पण या मंत्राने माझं एक नुकसान केलं, आणि मी एकटी नसेन. त्यात बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर आहे, म्हणून मी सहावीपर्यंत २० - ८ + ५ चं उत्तर ७ लिहीत होते. आधी आठ आणि पाच तेरा, मग विसातून तेरा गेले. बाईंनी लाल फुली मारली, कारण कधी सांगितलं नाही. कारण असं की बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर उभ्या आहेत, दोघींत मोठी-धाकटी नाही, जी डावीकडून आधी येईल ती आधी. उत्तर १७. भागाकार-गुणाकाराचंही तेच: २४ ÷ ४ × २ म्हणजे १२, ३ नव्हे. गोदामात वीस गोणी होत्या, आठ गेल्या, पाच आल्या, किती राहिल्या असं मला विचारलं असतं तर मी चौथीतही सतरा म्हटलं असतं.

व्हॉट्सअॅपवर दर वर्षी एकदा तरी ते ८ ÷ २(२+२) फिरतं. २०१९ मध्ये त्याने जगभर भांडणं लावली होती. आमच्या माहेरच्या ग्रुपमध्ये अजून लावतं: अर्धे म्हणतात १६, अर्धे म्हणतात १, आणि एक काका दर वेळी ‘एवढं साधं येत नाही’ असं लिहून निघून जातात, उत्तर न देता. माझं मत विचाराल तर प्रश्नच गचाळ लिहिलाय. कंसाला चिकटलेला दोन भागाकाराच्या आधी गुणायचा की रांगेत, यावर कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांचंही एकमत नाही, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांनी वेगळी उत्तरं दिलेली आहेत. एक्सेल इथे शहाणा आहे. तो असं लिहूच देत नाही, मध्ये स्टार घालू का म्हणून विचारतो.

पण एक्सेलचं फार कौतुकही नको. त्याच अकरावीच्या वर्षी मुलाला आलेख काढायचे होते. y बरोबर उणे x वर्ग, म्हणजे पालथ्या वाटीसारखा आकार यायला हवा. त्याने एक्सेलमध्ये -३ पासून ३ पर्यंत आकडे भरले, पुढे उणे, सेलचं नाव, घातांकाचं चिन्ह, दोन. आलेख आला उताणा, पाणी भरून ठेवावं असा. ‘आई, माझं चुकलं की ह्याचं?’ मी कंचेभागुबेव म्हणायला लागले, पण त्यात नुसत्या उण्याला अक्षरच नाही. गणितात -२ चा वर्ग म्हणायचा तर कंस लागतो. कंस नसेल तर आधी वर्ग, मग उणे, म्हणजे -४. एक्सेल मात्र आकड्याला चिकटलेलं उणे सगळ्यात आधी चिकटवून टाकतो, मग वर्ग करतो. =-२^२ लिहा, ४ येतं. =०-२^२ लिहा, -४ येतं, कारण आता ते उणे चिकटलेलं नाही, वजाबाकीचं आहे. आणि एक्सेलच्याच पोटात मॅक्रो लिहायची जी भाषा आहे, तिच्यात -२^२ म्हणजे -४. दोन जिभांचा आहे, आबा म्हणालेच होते. मुलाने शून्य घातलं, वाटी पालथी झाली. असंच २^३^२: वहीत ते वरून खाली सोडवायचं, ५१२. एक्सेल डावीकडून सोडवतो, ६४.

आणखी एक छोटं. ओलावा पाच ते दहाच्या मध्ये असेल तर ओळ पिवळी व्हावी म्हणून मी ५<डी४<१० असं लिहिलं होतं. कधीच पिवळी झाली नाही. तो आधी ५<डी४ तपासतो, उत्तर येतं ‘खरं’, आणि मग विचारतो की ‘खरं’ हे दहापेक्षा लहान आहे का. एक्सेलच्या लेखी ‘खरं’ हे कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं असतं. हे वाक्य मला फारच आवडलं, पण ओळ पिवळी करायला ‘अँड’चं फंक्शनच लागलं.

आबांना मी मागे सांगितलं की स्प्रेडशीटचा पहिला गाजलेला प्रोग्रॅम १९७९ चा, व्हिजिकॅल्क नावाचा, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी केलेला, आणि तो हिशेब थेट तुमच्या कॅल्क्युलेटरसारखा करायचा, डावीकडून उजवीकडे, गुणाकाराला वेगळा मान नाही. त्यात ३१२.५ वजा ६ गुणिले १२० लिहिलं असतं तर ३६,७८० च आलं असतं. आबांनी विचारलं, ‘मग बदललं कशाला?’ मी म्हटलं, शाळेतल्या गणिताशी जुळावं म्हणून असेल. ते म्हणाले, ‘दुकानाशी जुळत होतं ते.’

आता माझ्या शीटमध्ये एका सेलमध्ये एकाहून जास्त क्रिया नाही. आबांच्या वाक्यातल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा रकाना आहे. एकूण वजन, बारदान किलोत, काढून उरलेलं, घट टक्क्यात, घट किलोत, निव्वळ, भाव, रक्कम. घट किलोत दिसली पाहिजे, हा आबांचा हट्ट, आणि दशांश लपवायचे नाहीत हा माझा. मुलगा आता कॉलेजला आहे. सुट्टीत घरी आला की शीट उघडून म्हणतो, हे सगळं एका ओळीच्या फॉर्म्युल्यात मावेल. मावेल. मग मी त्याला उंदरांची गोष्ट सांगते. त्या दुसऱ्या संशयाची सांगत नाही.

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याकडचा म्हातारा आला. आबांचे डोळे आता ठणठणीत आहेत, तरी बिया ते डोळे मिटूनच खुळखुळवतात. ‘तीन टक्के.’ मी टाईप केलं, स्क्रीन म्हाताऱ्याकडे वळवली आणि एकेक रकाना मोठ्याने वाचला. ऐंशी किलो, दोन गोणी, उरले अठ्ठ्याहत्तर, घट दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. त्याने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आबांकडे बघितलं, मान हलवली. मग पिशवीत हात घालून चार पिवळेधमक बोंडू, म्हणजे काजूची फळं, काढले, काट्यावर ठेवले आणि मला विचारलं, ‘हांची घट कितली?’